चांद्याच्या गोंड राजांची वंशावळ व बल्लारपूरचा काल

चांद्याच्या गोंड राजघराण्याची जी वंशावळ जिकडेतिकडे उतरून घेतलेली आढळते, तिचें मूळ मेजर ल्यूसी स्मिथ ह्यांच्या इ. स. १८६९ च्या जमाबंदी अहवालांत आहे. भीम बल्लाळसिंगापासून नीळकंठशहापर्यंत एकोणीस नोंदी, व काल इ. स. ८७० ते १७५१. लोकांच्या तोंडची ही माहिती त्यांनीं वेळींच टिपून ठेवली हे त्यांचे उपकारच होत; एरव्हीं नांवें देखील नष्ट झालीं असतीं. परंतु त्या यादींतील सनांच्या आधारें खांडक्या बल्लाळशहास १२४२ ते १२८२ मध्यें बसवून बल्लारपूरचा किल्ला तेराव्या शतकांतला ठरवावा, हें आम्हांस मान्य नाहीं.

प्रथम नुसतें गणित पाहावें. ८८१ वर्षांस एकोणीस नोंदी, म्हणजे दर नोंदीस सरासरी शेहेचाळीस वर्षांहून अधिक. दिनकरसिंगास सत्तर, धुंड्या रामशहास पंचाहत्तर, आणि बाबाजी बल्लाळशहास तर पुरीं ऐंशीं वर्षें! ज्या राजकुळाच्या तारखा पक्क्या आहेत असें एखादें शेजारीं ठेवून पाहावें. इंग्लंडांत १०६६ मध्यें पहिला विल्यम गादीवर आला तेव्हांपासून १४८५ मध्यें तिसरा रिचर्ड रणांत पडला तोंपर्यंत ४१९ वर्षांत अठरा राजे झाले. सरासरी सुमारें तेवीस वर्षें. त्यांत सर्वांत दीर्घ कारकीर्द तिसऱ्या हेन्रीची, ती छप्पन वर्षांची. आणि तो नऊ वर्षांचा असतां गादीवर बसला होता. तिकडे भाऊ व पुतणे गादीवर आल्यानें सरासरी कांहींशी खालीं येते, हें खरें. तथापि पित्यामागून पुत्र असाच क्रम धरला तरी शेहेचाळिसाची सरासरी पटण्यासारखी नाहीं.

गणितावर विश्वास नसेल त्यानें अबुल फजल पाहावा. अकबराच्या कारकीर्दीच्या अखेरीस लिहिलेल्या ‘आईन-इ-अकबरी’त ह्या प्रांतींच्या गोंड राजा बाबाजीचा उल्लेख आहे. यादीप्रमाणें तो १५२२ मध्येंच वारलेला! अबुल फजल समकालीन. त्यापुढें यादीचा सन टिकत नाहीं. पुढेंही हीच अडचण आहे. १६६७ मध्यें दिलेरखान चांद्यावर आला, तेव्हां मोगल लेखक तेथील राजास ‘मानजी मल्लार’ म्हणतात. यादींत त्या वेळीं वीरशहा आहे. ‘मल्लार’ हें ‘बल्लाळ’चें फारशी लिपींत बिघडलेलें रूप असावें असा आमचा तर्क आहे. ‘मानजी’चा उलगडा मात्र त्यानें होत नाहीं.

आतां बाबाजी इ. स. १५७५ च्या सुमारास गादीवर आला असें धरून मागें जावें. यादीप्रमाणें त्याच्यापूर्वीं कोंड्याशहा, त्यापूर्वीं भुमा व लोकबा हे दोघे मिळून, मग हीरशहा, मग खांडक्या. चार पिढ्यांस पंचवीस ते तीस वर्षें प्रत्येकीं दिलीं, तर खांडक्याचा आरंभ १४५५ ते १४७५ च्या दरम्यान पडतो. म्हणजे वर्धेच्या कांठचा बल्लारपूरचा किल्ला यादवकालीन नसून बहामनी काळांतला ठरतो, व चांद्याची स्थापनाही त्याबरोबर दोन शतकें अलीकडे येते. गळवांनीं पीडलेल्या राजाची, झरपटीच्या पाण्यानें तो बरा झाल्याची व कुत्र्याच्या पाठीस लागलेल्या सशाची कथा ह्यानें खोटी ठरत नाहीं, कीं खरीही ठरत नाहीं. तिला सन कधींच नव्हता.

खांडक्याच्या मागील नऊ नांवांसंबंधीं आम्ही याहून सावध आहों. सुर्जा बल्लाळास दिल्लीहून ‘शेरशहा’ हा किताब मिळाला ही दंतकथा त्याला १२०७ मध्यें घातल्यानें अल्तमशाच्या काळांत जाते. पंधराव्या शतकाच्या आसपास आणली तर निदान अधिक संभाव्य होते. जैनाड व डोंगरगांव येथील शिलालेखांवरून बाराव्या शतकाच्या सुमारास ह्या भागाच्या आसपास परमार जगद्देवाचा अंमल दिसतो. तेव्हां केसरसिंग, दिनकरसिंग हे स्वतंत्र राजे होते असें म्हणणाऱ्यानें पुरावा द्यावा. परंतु एवढ्यावरून नांवेंच बनावट म्हणणेंही बरोबर नाहीं. तोंडीं जपलेल्या वंशावळींत नांवांचा क्रम पुष्कळदां टिकतो. सन हे मागाहून, कोणीतरी लेखणी हातीं घेतल्यावर चिकटतात.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं ह्या घराण्याच्या सनदा, महजर किंवा वंशावळीची जुनी प्रत असेल, त्यांनीं ती छापील यादीशीं जुळवून ‘दुरुस्त’ करूं नये. जेथें ती न जुळेल तोच भाग आधीं प्रसिद्ध करावा.