टाकाऊ द्रव्यांचा कोळसा आणि अन्नोद्योगांचे सांडपाणी : एक परीक्षण

उसाचे चिपाड, नारळाची करवंटी, भाताचे तूस यांपासून क्रियाशील कोळसा करावा व त्याने अन्नोद्योगांचे सांडपाणी शुद्ध करावे, या विषयावर इतके निबंध प्रसिद्ध झाले आहेत की, त्यांची मांडणी आता जवळजवळ ठरूनच गेली आहे. प्रस्तावनेत साखर कारखाना किंवा दुग्धशाळा येते. प्रयोगात मात्र ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळविलेले मिथिलीन ब्ल्यू असते. बिंदू लँगम्यूरच्या रेषेवर बसले, की कोळसा 'उद्योगास उपयुक्त' ठरतो. आमचा आक्षेप या शेवटच्या उडीला आहे.

साखर शुद्धीकरणात कोळसा दीर्घकाळ वापरात आहे. तेथे तो उपयोगी पडतो याचे कारणच असे की, तो रंग धरतो व साखर बहुतांशी सोडून देतो. आता दुग्धशाळेच्या सांडपाण्यातील प्राणवायूच्या मागणीचा मोठा वाटा दुग्धशर्करेचा असतो. जो गुण रसाच्या शुद्धीकरणात हितकर, तोच येथे दोष होतो. आणि ही शर्करा जीवाणू स्वस्तात खाऊन टाकतात.

मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. दररोज ३०,००० लिटर मद्यार्क व दर लिटरमागे १० लिटर सांडपाणी धरल्यास ३ लक्ष लिटर पाणी होते. त्याची रासायनिक प्राणवायू मागणी लिटरला १ लक्ष मिलिग्रॅमच्या आसपास असते. कोळशाची शोषणक्षमता उदारपणे ग्रॅमला २०० मिलिग्रॅम मानली तरी रोज १५० टन कोळसा लागेल. कोरड्या चिपाडाच्या चौथा हिस्सा कोळसा मिळतो असे समजल्यास ६०० टन चिपाड हवे. रोज २,५०० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात, ओलावा वजा जाता, सुमारे ३७५ टनच निघते. शिवाय ते बाष्पकात जळत असते. त्यास 'टाकाऊ' कोणी म्हटले, हे आम्हांस कळत नाही! असले त्रैराशिक निबंधात क्वचितच आढळते.

याचा अर्थ कोळसा निरुपयोगी आहे असा नव्हे. जैव प्रक्रियेनंतरही या पाण्याचा तपकिरी रंग उरतो, कारण मेलॅनॉइडिने जीवाणूंना सहज दाद देत नाहीत. तेथे कोळशाला वाव आहे. परंतु हे रेणू मोठे. त्यांस २ नॅनोमीटरहून रुंद छिद्रे लागतात. मिथिलीन ब्ल्यूचा लहान रेणू सूक्ष्म छिद्रांतही शिरतो, म्हणून त्यावरून काढलेला आकडा या कामी दिशाभूल करतो. प्रक्रिया झालेले खरे सांडपाणी घेऊन, स्तंभातून ते सतत वाहू देऊन घेतलेली दहा निरीक्षणे अशा पन्नास आलेखांहून मोलाची होत.

राहिला खर्ची पडलेल्या कोळशाचा प्रश्न. तो पुन्हा तापवावा की जाळावा, याविषयी बहुधा मौनच असते. झिंक क्लोराइडने क्रियाशील केलेला कोळसा धुताना जस्तयुक्त पाणी निघते ते निराळेच; त्याची वासलात कृतीच्या परिच्छेदात 'उदासीन होईपर्यंत धुतला' एवढ्या तीन शब्दांत लागलेली असते.