हशाची मालकी कोणाची?

दलित साहित्याच्या चर्चेत वेदना, नकार, विद्रोह हे शब्द वारंवार येतात. विनोद हा शब्द क्वचितच येतो. विनोद म्हणजे पांढरपेशांची फुरसतीची चैन, असा काहीसा समज आपल्या मनात घर करून बसला आहे. वास्तविक आपली परंपरा उलट साक्ष देते. तमाशातला सोंगाड्या राजाची आणि पाटलाची भर बोर्डावर फजिती करीत असे. सत्यशोधक जलशांनी भटजीला हास्यास्पद ठरविले आणि भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांनी आंबेडकरी जलशातून तेच हत्यार पुढे चालविले. म्हणून कोणत्याही विनोदी कृतीला दोन प्रश्न विचारले पाहिजेत: हसू कोणावर फेकले जाते? आणि ते फेकणारा हात कोणाचा?

या दोन प्रश्नांसह मी ‘ॲबट एलिमेंटरी’ ही अमेरिकन विनोदी मालिका पाहात आलो आहे. तिचे चौथे पर्व ऑक्टोबर २०२४ ते एप्रिल २०२५ या काळात दाखविले गेले. फिलाडेल्फिया शहरातील एक सरकारी प्राथमिक शाळा, बहुसंख्य मुले काळी आणि गरीब, पैशाचा कायमचा दुष्काळ, हे तिचे जग. मालिकेची निर्माती, लेखिका आणि नायिका क्विंटा ब्रन्सन ही याच शहरात वाढलेली काळी स्त्री. तिची आई बालवर्गाची शिक्षिका होती, आणि शाळेचे नाव तिने आपल्या एका शिक्षिकेच्या आडनावावरून ठेवले आहे. मालिका डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ब्रन्सनला लेखनाचा एमी पुरस्कार मिळाला.

पहिल्या पर्वातील प्रसंग पाहा. वर्गातील सतरंजी खराब झाली. नवी मागावी तर पैसे नाहीत. व्हरांड्यातला दिवा फडफडतो. जनीन ही तरुण शिक्षिका तो स्वतः दुरुस्त करायला जाते आणि शाळेचीच वीज घालविते. हुशार मुलांचा वेगळा वर्ग काढला जातो आणि बाकीची मुले आपण कमी आहोत असे समजू लागतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकविणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. स्वतःच्या पगारातून खडू आणि वह्या आणणारे शिक्षक आपण पाहिले आहेत. मीही त्यांतलाच एक. येथे हसू येते, पण ते मुलांवर पडत नाही. ते त्या व्यवस्थेवर पडते जी मुलांना गळके छत देते आणि वर शिक्षकांकडून निकालाचा हिशेब मागते.

ही किमया आपोआप घडलेली नाही. त्यासाठी पन्नास वर्षे मागे गेले पाहिजे. १९७४ ते १९७९ या काळात ‘गुड टाइम्स’ ही मालिका चालली. शिकागोच्या सरकारी वसाहतीतील एक गरीब काळे कुटुंब हा तिचा विषय. एरिक मॉन्टे आणि माइक इव्हान्स या दोन काळ्या लेखकांनी ती कल्पिली होती. मॉन्टे स्वतः तशाच वसाहतीत वाढलेला. आईची भूमिका करणाऱ्या एस्थर रोल यांनी घरात बाप असलाच पाहिजे असा आग्रह धरला, कारण काळ्या घरात बाप नसतोच ही पडद्यावरची समजूत त्यांना मोडायची होती. जॉन अमॉस यांनी तो राबणारा, ताठ मानेचा बाप उभा केला. पण पुढे थोरला मुलगा जे.जे. आणि त्याचा ‘डायनामाइट’ हा एकच शब्द लोकप्रिय झाला. मालिका प्रेक्षकांसमोर चित्रित होत असे. शब्द उच्चारला की हशा, हशा पिकला की पुढच्या भागात पुन्हा तोच शब्द. बेकार, अर्धशिक्षित, डोळे फिरविणारा काळा तरुण हाच विनोदाचा माल झाला. रोल यांनी १९७५ मध्ये ‘एबनी’ मासिकातून याविरुद्ध जाहीरपणे तक्रार केली. अमॉस लेखकांशी भांडत राहिले. त्यांना काढून टाकण्यात आले आणि १९७६ मध्ये बापाचे पात्र अपघातात मारले गेले. रोल यांनीही काही काळ मालिका सोडली. कल्पना काळ्यांची, चेहरे काळे. परंतु निर्मितीची सूत्रे आणि बहुतांश लेखणी गोऱ्यांच्या हाती. प्रतिनिधित्व म्हणजे केवळ पडद्यावर दिसणे नव्हे, याचा याहून स्पष्ट धडा कोणता?

‘ॲबट’मध्ये हशाचा आवाजच नाही. शाळेत माहितीपट काढणारी मंडळी आली आहेत असे गृहीत धरले आहे आणि शिक्षक मधूनच कॅमेऱ्याकडे पाहतात. बार्बरा या ज्येष्ठ शिक्षिकेची एक नजर पुरते. कशावर हसायचे हे आता स्टुडिओतला अनोळखी जमाव ठरवीत नाही. शाळेत राबणारी बाई ठरविते. शाळेचा झाडूवाला मिस्टर जॉन्सन याचे स्थानही लक्षात घ्या. त्याला नाव आहे, विक्षिप्त तत्त्वज्ञान आहे, शिक्षकांच्या टेबलाशी बसण्याचा हक्क आहे. गोरा शिक्षक जेकब हा आपल्या ओळखीच्या पुरोगामी मित्रासारखा: काळ्यांच्या इतिहासावरची सगळी पुस्तके वाचलेला आणि ते सतत सांगणारा. त्याची थट्टा होते. द्वेष होत नाही.

चौथ्या पर्वात शाळेच्या शेजारी श्रीमंतांसाठी गोल्फचे मैदान येते. वस्ती हळूहळू उखडली जाणार याची ती चाहूल. मुख्याध्यापिका एव्हा ही आळशी आणि लबाड. बिंग फोडण्याची धमकी वरिष्ठाला देऊन तिने पद मिळविलेले. ती मैदानवाल्यांशी गुपचूप व्यवहार करून शाळेसाठी वस्तू मिळविते. प्रकरण उघडकीस येताच दोष स्वतःवर घेते आणि नोकरी गमावते. पुढे वस्तीतले लोक सभेत तिच्या बाजूने उभे राहतात आणि ती परत येते. हे भाग मला या पर्वाचे मर्म वाटतात. शाळेला तिच्या हक्काचे कायद्याने मिळत नाही म्हणून ते लबाडीने मिळवावे लागते, आणि मग शिक्षा लबाडीला होते. वंचनेला होत नाही.

तरीही माझी तक्रार आहे. हा पेच उभा करून मालिका त्यातून फार लवकर सुटते. एव्हा परत आली, सगळे आनंदले. मैदानाने वस्तीचे काय केले हा प्रश्न मागे पडतो. जनीन आणि ग्रेगरी यांच्या प्रेमाला जेवढी जागा मिळते तेवढी शाळेच्या गरिबीच्या कारणांना मिळत नाही. तिसऱ्या पर्वात जनीन जिल्हा कार्यालयात काम करून आली, कारभार आतून पाहिला, तरी अखेर चांगल्या माणसांचा चांगुलपणाच शाळा तारतो असा सूर राहतो. चांगुलपणा हे धोरण होऊ शकत नाही.

आता आपल्याकडे पाहू. ही तुलना उसनी नाही: बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते आणि १९७२ मध्ये दलित पँथरने नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ ही मालिका २००८ पासून चालू आहे. भाग चार हजारांहून अधिक. गोकुळधाम सोसायटीला छोटा भारत म्हटले जाते. गुजराती, तमिळ, पंजाबी, मराठी, सगळे प्रांत तेथे नांदतात. भिडे मास्तर शिकवणी घेतात, सचिवपद सांभाळतात. अब्दुलचे दुकान सोसायटीच्या दाराशी आहे. पण या भारतात कांबळे कोणत्या मजल्यावर राहतात? प्रांत दाखविला की विविधता झाली आणि जातीचा विषय निघालाच नाही की ती संपली, अशी ही सोय. ‘गुड टाइम्स’ने काळ्यांचे विडंबन केले, तर आपल्या प्रस्थापित विनोदाने आपल्याला गैरहजरच ठेवले.

हजेरी मात्र दुसऱ्याने लावून मिळणार नाही. वस्तीशाळेतला शिक्षक, आश्रमशाळेतली स्वयंपाकीण, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी तहसीलच्या खेपा घालणारा विद्यार्थी, यांच्याजवळ हसण्यासारखे जेवढे आहे तेवढे गोकुळधामजवळ कधीच नव्हते. आपल्या तरुण लेखकांनी कवितेइतक्याच गांभीर्याने आता विनोदी पटकथा हाती घ्यावी. आणि ती लिहिताना शेवटचा शब्द कोणाचा राहील, हे करारावर सही करण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.