दिव्याच्या मागची बाई

फ्लोरेन्स नाइटिंगेल हे नाव उच्चारले की हातात दिवा घेतलेली एक सौम्य मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. ही मूर्ती १८५५ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाने घडविली, १८५७ साली लाँगफेलोच्या कवितेने तिला प्रभावळ चढविली, आणि पुढे क्रमिक पुस्तकांनी तिची पूजा बांधली. पूजेतल्या मूर्तीला बोलता येत नाही. नाइटिंगेलबाई मात्र पुष्कळ बोलत, आणि त्यातले बरेचसे तिखट असे. १८५९ साली लिहिलेले ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे त्यांचे छोटेसे पुस्तक वाचावे म्हणजे ह्या बोलण्याची धार कळते.

हे परिचारिकांचे पाठ्यपुस्तक नव्हे. बाईंनी प्रस्तावनेतच तसे बजावले आहे. घरातल्या दुखण्याची जबाबदारी जिच्यावर केव्हा ना केव्हा येऊन पडतेच, अशा सर्वसामान्य स्त्रीसाठी ते लिहिले आहे. हवा, उजेड, अंथरूण, अन्न असे त्याचे विषय. परंतु माझ्या मते ह्या सर्वांच्या तळाशी एकच प्रश्न आहे: ज्याला स्वतःची बाजू मांडण्याचे त्राण उरलेले नाही, त्याची बाजू कोणी आणि कशी मांडावी?

बाई ती दयेने मांडत नाहीत, तपशिलाने मांडतात. डॉक्टर आणि नातेवाईक खोलीच्या दाराबाहेर कुजबुजतात, तेव्हा आत पडलेल्या माणसाचा जीव त्या कुजबुजीत कसा टांगून राहतो, हे त्या सांगतात. न खाल्लेले अन्न पुढच्या जेवणापर्यंत उशाशी तसेच ठेवले, तर उरलीसुरली वासनाही मरते, हे सांगतात. भेटीला येऊन पोकळ धीर देणाऱ्यांवर तर त्यांनी एक सबंध प्रकरणच खर्ची घातले आहे. दुखणेकऱ्याला आपली अवस्था ठाऊक असते. ‘आता तुम्ही बरे दिसता’ असे म्हणणारा त्याचे तोंड बंद करतो, एवढाच त्या प्रकरणाचा मथितार्थ. इंग्रजी गद्यातला एक उत्तम उपरोधकार ह्या पानांत दडलेला आहे.

सर्वांत मोलाचे प्रकरण निरीक्षणावरचे. रात्री झोप बरी लागली का, ह्या प्रश्नाला बाईंच्या लेखी अर्थ नाही. सलग दहा तास झोप न मिळाल्यास एकजण रात्र वाईट गेली म्हणेल. दुसऱ्याचे अधूनमधून डोळा लागल्यानेही समाधान होईल. किती तास झोप लागली आणि रात्रीच्या कोणत्या प्रहरी, असे विचारा, म्हणजे डॉक्टरला काही कळेल. येथे आणखी एक गंमत आहे. मृत्यूंची कारणे आकृतीत रंगवून सरकारला जागे करणारी ही संख्याशास्त्री स्त्री ह्याच पुस्तकात सरासरीविरुद्ध इशारा देते. सरासरी शेकडा किती मरतील ते सांगते. समोरचा हा एक माणूस त्यांत आहे का, हे त्याच्याकडे बघूनच ठरवावे लागते.

इतके मान्य करूनही माझी एक तक्रार उरते. परिचारिकेने वस्तुस्थिती अचूक सांगावी, असे बाई शिकवितात. पण ऐकणाऱ्याने ऐकलेच नाही तर काय, ह्याचे उत्तर पुस्तकात नाही. स्वतः बाईंपाशी ते होते. १८५४च्या नोव्हेंबरात ३८ परिचारिका घेऊन त्या स्कूटारीला पोहोचल्या, आणि तेथील दुर्दशेची पत्रे त्यांनी थेट मंत्री असलेल्या सिडनी हर्बर्ट ह्यांना लिहिली. ते हर्बर्ट त्यांचे स्नेही होते. १८५५च्या मार्चमध्ये सरकारी आरोग्य आयोग आला, गटारे साफ झाली, आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. वॉर्डात राबणाऱ्या साध्या परिचारिकेला असा स्नेही कोठून मिळावा? तिच्या शब्दाला वजन यावयाचे तर तिच्या पेशालाच अधिकार हवा. पण परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी ही मागणी पुढे आली, तेव्हा बाईंनी तिला विरोध केला. परीक्षेने चारित्र्य मोजता येत नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तथापि ज्यांना बोलावयास शिकविले त्यांना बसावयास पाट द्यावा, हे त्यांना पटले नाही. इंग्लंडात नोंदणीचा कायदा झाला तो १९१९ साली, बाईंच्या मृत्यूनंतर ९ वर्षांनी.

पुस्तकातले रोगसंसर्गाविषयीचे विचारही आज टिकत नाहीत. देवी आपोआप उद्भवताना आपण पाहिली, असे त्या ठामपणे लिहितात. शास्त्र म्हणून हा भाग केव्हाच बाद झाला. निरीक्षणाचे प्रकरण मात्र बाद झालेले नाही. आज खाटेशेजारची यंत्रे नाडीचा आकडा क्षणोक्षणी दाखवितात; पाणी हाताला पुरत नाही म्हणून रोगी तहानलेला आहे, हे ती दाखवीत नाहीत. ते परिचारिकेला दिसते. तिने ते बोलून दाखविले की ती उद्धट ठरते, आणि गप्प राहिली तर देवदूत. दिव्याच्या चित्राने ही देवदूताची कल्पना आपल्या मनात पक्की केली. तिच्यावरचा उतारा त्याच बाईंच्या पुस्तकात आहे. परिचारिकादिनी तसबिरीला हार घालणाऱ्या रुग्णालयांनी त्या दिवशी त्यातले एक प्रकरण मोठ्याने वाचावे, आणि मग वॉर्डातल्या परिचारिकांना काय म्हणावयाचे आहे ते ऐकून घ्यावे.