‘रोगाचे जनुक’ : एका शब्दप्रयोगाची झाडाझडती

‘अमुक रोगाचे जनुक सापडले’ हे वाक्य बातम्यांत आणि मुलांच्या पूरक पुस्तकांत आता इतके रुळले आहे, की त्यातली गफलत कोणाला खुपत नाही. आमचा आक्षेप त्यामागच्या गणितावर आहे. उदाहरणादाखल पाठीचा कणा ताठर करणारा दाहक संधिवात, म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, घेऊ.

१९७३ साली लंडनमध्ये ब्रूअर्टन व सहकाऱ्यांनी अशा ७५ रुग्णांचे रक्त तपासले. ७२ जणांत, आज ज्याला एचएलए-बी२७ म्हणतात ते पेशींवरचे प्रथिन आढळले. तुलनेसाठी घेतलेल्या ७५ जणांत ते तिघांतच होते. त्याच वर्षी लॉस एंजेलिसहूनही तसाच निष्कर्ष आला. संशोधन चोख होते. घोटाळा होतो तो ते सांगताना. ‘रुग्णांपैकी ९६ टक्क्यांत बी२७ असते’ याचे ‘बी२७ असलेले ९६ टक्के आजारी पडतात’ असे उलटे वाचन होते. सगळे कावळे काळे म्हणून सगळे काळे पक्षी कावळे नव्हेत, हे सहावीतला मुलगाही सांगेल. पण आकडे टक्क्यांत आले की मोठेही चकतात.

हे फळ्यावर मांडून पाहावे. लाखभर वस्तीचे एक युरोपीय शहर कल्पू. समजा, आठ टक्के म्हणजे ८,००० जणांत बी२७ आहे. रुग्ण ३००, त्यांतले ९० टक्के म्हणजे २७० बी२७वाले. आता ८,००० पैकी २७० किती? साडेतीन टक्क्यांहूनही थोडे कमी. उरलेल्या ७,७३० जणांना हा आजार नाही. आणि ३० रुग्ण असे, की ज्यांच्यात बी२७ नाहीच! प्रत्यक्षातले अंदाजही एक ते पाच टक्क्यांच्या आसपास आहेत. ज्या घरात वडिलांची पाठ वाकली आहे तिथे धोका याहून बराच जास्त असतो हे खरे. पण तिथेही बी२७ असलेली बहुतेक मुले निरोगी राहतात. हातात ‘पॉझिटिव्ह’ अहवाल घेऊन बसलेल्या अशा मुलाला वरचे चुकीचे वाक्य काय सांगेल, याचा विचार लेखकांनी केलेला दिसत नाही.

म्हणून जनुके गौण, असेही नव्हे. १९९७ च्या ब्रिटिश अभ्यासात एकसारख्या जुळ्यांच्या ८ जोड्यांपैकी ६ मध्ये दोघांनाही आजार होता. आठ जोड्या म्हणजे फार नव्हेत, तरी भिन्न जुळ्यांशी तुलना करा: दोघांतही बी२७ असूनसुद्धा १५ पैकी ४ च जोड्या. म्हणजे इतर जनुकांचाही हात असणार. त्यांपैकी ईआरएपी-१ हे जनुक प्रथिनांचे तुकडे कातरणारे विकर बनवते. हे तुकडेच बी२७ पेशीच्या पृष्ठभागावर मांडते. २०११ मध्ये दिसले, की ईआरएपी-१ मधील भेदांचा या आजारावरचा परिणाम बी२७ असलेल्यांतच आढळतो. शिवाय बी२७ हेही एक नाही. सार्डिनियातला २७:०९ हा प्रकार नेहमीच्या २७:०५ हून एकाच अमिनो आम्लाने वेगळा, पण आजाराशी त्याचे नाते फारच क्षीण.

आणि परिस्थिती? माणसाचे बी२७ जनुक घातलेल्या उंदरांना सांध्यांचा व आतड्यांचा दाह होतो. तेच उंदीर जंतुरहित पिंजऱ्यात वाढवले तेव्हा दोन्ही दाह झाले नाहीत, असे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. आमच्या पाहण्यातल्या पूरक पुस्तकांत हे उंदीर मात्र कुठे भेटले नाहीत.