पालखी गेल्यावरचा फोटो

आषाढात ज्ञानोबांची पालखी माळशिरसहून निघते, खुडूस फाट्याला रिंगण होतं आणि मग ती आमच्या वेळापूरला येते. इथल्या टेकाडावरनं तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आन् ते पळत सुटले, अशी कथा सांगतात. म्हणून इथं वारकरी 'धावा' करतात, उतारावरनं पळतात. पळणाऱ्यांच्या पुढं कॅमेरेवाले. पुण्याचे, मुंबईचे, परदेशातले. कुणी ट्रकच्या टपावर, कुणी झाडावर, कुणी रस्त्यात आडवा पडलेला. फोटो चांगले निघतात. नाही म्हणण्याचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी भंडीशेगावकडं हलते. कॅमेरेही हलतात. मागं उरतात पत्रावळ्या, प्लॅस्टिकचे ग्लास, पावसात भिजलेलं उष्टं, आणि बांधाच्या, ओढ्याच्या कडेला माणसांची घाण. अलीकडं फिरती शौचालयं आली, बराच फरक पडला. पण ती शौचालयंसुद्धा कुणीतरी धुतंच. खराटा-घमेलं घेऊन तळावर येणारी माणसं कोणत्या वस्तीतली असतात, हे या पानांच्या वाचकाला सांगायला नको. पंढरपुरात हातानं मैला उचलावा लागतो, ही तक्रार घेऊन शेवटी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं आणि चंद्रभागेच्या वाळवंटाबद्दल, शौचालयांबद्दल न्यायालयाला आदेश द्यावे लागले. हे घडलं २०१४ च्या सुमाराला. चोखोबाच्या काळात नाही.

तर पालखी गेल्यावरच्या सकाळचा फोटो मी अजून कुठं बघितलेला नाही. पण त्या सकाळच्या माणसांचे फोटो एका माणसानं काढलेत. वेळापुरात नाही, मुंबईत. सुधारक ओलवे. मूळचे अकोल्याचे. १९८८ पासून मुंबईच्या वर्तमानपत्रांसाठी फोटो काढत आले. कामाच्या पलीकडं जाऊन त्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचा माग धरला आणि तो वर्षानुवर्षं सोडला नाही. त्यातून काळ्यापांढऱ्या छायाचित्रांची एक मोठी मालिका उभी राहिली. तिची प्रदर्शनं देशात झाली, परदेशात झाली. २००५ साली नॅशनल जिऑग्राफिकचा पुरस्कार मिळाला, २०१६ साली पद्मश्री. हे सगळं कौतुकानं छापून आलेलं आहे. आपल्याला फोटोंकडं बघायचंय.

गटाराच्या तोंडातून माणूस वर येतो. अंगावर मैला. हातात मोजा नाही, पायात बूट नाही. कचऱ्याच्या गाडीत माणूस कचऱ्यावरच बसलेला. डंपिंग ग्राउंडवर माणूस कुठं संपतो आणि ढीग कुठं सुरू होतो कळत नाही. हे फोटो बघताना पोटात ढवळतं. पण ढवळणं ही काही मोठी गोष्ट नाही. ढवळून घ्यायला गॅलरीत येणारे लोक पुष्कळ असतात. ते हळहळतात, हात धुतात, घरी जातात. ओलव्यांचं मोठेपण दुसरीकडं आहे. ते कामगाराच्या मागं त्याच्या घरात जातात. एवढीएवढीशी खोली, तिथली बाई, पोरं, दारू, आजारपण, आणि त्यातच हसणं. म्हणजे हा माणूस चोवीस तास गटारात राहत नाही. त्याला घर आहे. गटारात त्याला पाठवलेलं आहे. कुणी पाठवलं, हा प्रश्न त्या घराच्या फोटोनं उभा राहतो, गटाराच्या फोटोनं नाही.

कॅमेरा आणि जात यांचं नातं जुनं आहे. इंग्रजांनी १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. एकेका जातीजमातीचे लोक उभे केले, फोटो काढला, खाली जात लिहिली, स्वभाव लिहिला. कागदावरची गावकीच ती! त्या फोटोतल्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं. पुढं वर्तमानपत्रंही आपल्या लोकांकडं आली ती बहुतेक वेळा प्रेत पडल्यावर, घर जळल्यावर. जिवंत, कामावर चाललेला, बिडी ओढणारा दलित माणूस फोटोला लायक नव्हता.

आपल्या घरात मात्र फोटो होता. भिंतीवर बाबासाहेब. सूट, टाय, चष्मा, खिशाला पेन. ज्या घरात आरसा नव्हता त्या घरात हा फोटो होता. लाचार दिसायला साफ नकार देणारा फोटो. माझं मत असं की, आपल्या माणसांच्या कुठल्याही फोटोची परीक्षा या फोटोसमोर धरून करावी. त्यातला माणूस बाबासाहेबांच्या शेजारी भिंतीवर लावता येईल का? ओलव्यांचे बरेच फोटो या परीक्षेला उतरतात. त्यातला कामगार मान वर करून सरळ आपल्याकडं बघतो. नजर मागत नाही काही. उलट हिशोब विचारते.

आता दोन तक्रारी. स्तुतीपुरतं लिहायचं तर ते काम दुसरे करतातच.

पहिली. काळ्यापांढऱ्यात घाणीचा रंग जातो. मैला चिखलासारखा दिसतो, चिखल चांदीसारखा चमकतो. फोटो सुंदर होतो. वास तर कुठल्याच फोटोला येत नाही. रंग घालवल्यामुळं नजर घाणीवरनं माणसाच्या चेहऱ्यावर जाते, हे खरं. तरी काही ठिकाणी मला फोटो आधी आवडला आणि माणूस नंतर दिसला. ही लाज माझी की फोटोची, ठरवता आलेलं नाही.

दुसरी. ह्या चित्रांत सोसणारा ठळक आहे, सोसायला लावणारा नाही. ठेकेदार कुठाय? सही करणारा साहेब कुठाय? वरच्या मजल्यावरनं पिशवी खाली फेकणारा कुठाय? मुंबईतल्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून मिळवायला २०१७ साल उजाडलं. वर्षानुवर्षं लढले तेव्हा. मोर्चातला, युनियनच्या मीटिंगमधला कामगार हाही त्याच माणसाचा चेहरा आहे. वेदना पुष्कळ झाली. विद्रोहाला जागा कमी पडते.

तरी या फोटोंची एक बाजू कुठल्याही टीकेनं उणी होत नाही. ती साक्षीची. हातानं मैला उचलण्याविरुद्ध १९९३ चा कायदा आहे, २०१३ चा आहे. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं. २०२३ साली तीस लाख. मेल्यावरचा भाव वाढला, उतरणं थांबलं नाही. अधिकारी सांगतात, आमच्याकडं असं कुणी उतरत नाही. तिथं फोटो पुढं करावा. साहेब, हा कोण?

ओलव्यांनी आणखी एक केलं आणि मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. फोटोग्राफी प्रमोशन ट्रस्ट काढून त्यांनी छायाचित्रण शिकवायला घेतलं, ज्यांचे नुसते फोटोच निघत होते अशांच्या हातात कॅमेरा द्यायला घेतला. ज्या कामाठीपुऱ्यात ते हिंडले, त्याच भागातून नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला. त्या कवितेला प्रस्तावना तेंडुलकरांची लागली, पण शब्द आतल्या माणसाचे होते. पुण्यात २०१२ साली 'सत्यशोधक' नाटक सफाई कामगारांनी स्वतः उभं केलं, जोतिबांची भाषा स्वतःच्या तोंडानं बोलले. फोटोचंही असंच व्हायला पाहिजे. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या, करमाळ्याकडच्या नागराज मंजुळेंच्या 'फॅन्ड्री'त जब्या शेवटी दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्यावर येतो. तो दगड प्रत्येक कॅमेरेवाल्यानं लक्षात ठेवावा. बघत काय बसलाय?

म्हणून एक मागणी. ही छायाचित्रं लिस्बन-दिल्लीला दाखवून झाली, आता वेळापूरला आणा. गॅलरी नको, कापडी मंडप चालेल. पालखी हलल्यावर त्याच तळावर, त्याच सकाळी, दोऱ्या बांधून लावा. झाडणाऱ्या बाया घटकाभर खराटा टेकवून बघतील. त्यांना काय वाटतं ते आधी ऐकू. समीक्षा नंतर लिहू.

आणि एखादा कॅमेरा त्यांच्या पोरींच्या हातात राहू द्या. पुढच्या आषाढात धाव्याचा फोटो बाहेरचे काढतील. दुसऱ्या दिवशीचा आमची पोरगी काढेल.