जैवानुकारी पॉलिमर-सांगाडे : अनुकरण नेमके कशाचे?

प्रस्तावना :
रॉबर्ट लँगर व जोसेफ व्हॅकांती यांच्या १९९३ मधील ‘सायन्स’ नियतकालिकातील लेखाने ऊती-अभियांत्रिकी ही विद्याशाखा नावारूपास आली. विघटनशील पॉलिमरच्या सच्छिद्र सांगाड्यात पेशी रुजवाव्यात, पेशींनी स्वतःची ऊती विणावी आणि सांगाड्याने विरून जावे, ही तिची मूळ कल्पना होय. अशा सांगाड्यांना ‘जैवानुकारी’ हे विशेषण आता सर्रास लावले जाते. प्रस्तुत लेखात या विशेषणाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
अनुकरणाचे तीन स्तर मानता येतील. पहिला आकाराचा. १९९७ मध्ये उंदराच्या पाठीवर वाढविलेला ‘मानवी कान’ जगभर गाजला. वस्तुतः तो पॉलिग्लायकोलिक आम्लाच्या साच्यावर वाढलेल्या गोवंशीय कूर्चापेशींचा होता आणि उंदीर प्रतिकारक्षमता उणावलेला होता. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. म्हणजे सर्वांत सोयीची ऊतीच येथे निवडली गेली होती.

दुसरा स्तर पृष्ठभागाचा. फायब्रोनेक्टिन या प्रथिनातील तीन अमिनो आम्लांच्या क्रमाला पेशी चिकटतात, हे १९८४ मध्ये सिद्ध झाले. हा क्रम पॉलिमरवर जोडणे हे या क्षेत्राचे खरे यश आहे. तथापि पेशी चिकटणे म्हणजे ऊती घडणे नव्हे.

तिसरा स्तर प्रक्रियेचा. आणि येथेच उणीव जाणवते. केशवाहिनीपासून सुमारे १०० ते २०० मायक्रोमीटरपलीकडे पेशीला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. या मर्यादेकडे दुर्लक्ष केल्यास काय घडते, हे स्टॉकहोम येथील प्रकरणाने दाखविले. तेथे २०११-१२ मध्ये पाओलो मॅकिआरिनी यांनी तीन रुग्णांना पेशी रुजविलेली पॉलिमरची श्वासनलिका बसविली. त्या नलिकेस स्वतःचा रक्तपुरवठा नव्हता, प्राण्यांवरील पुरेशा प्रयोगांचा आधारही नव्हता. तिन्ही रुग्ण पुढे दगावले. ‘द लॅन्सेट’ने २०११ चा संबंधित शोधनिबंध २०१८ मध्ये मागे घेतला, २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने मॅकिआरिनी यांना अडीच वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.

या प्रकरणात व्यक्तीचा अपराध निर्विवाद आहे. परंतु आकार दिला की पेशी उरलेले काम स्वतःच करतील, या गृहीतकाचाही त्यात वाटा आहे, असे म्हणावे लागेल.

निष्कर्ष :
‘जैवानुकारी’ ही बिरुदावली नसून सिद्ध करावयाचे विधान आहे. म्हणून अशा शोधनिबंधाचे परीक्षण करताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : अनुकरण कोणत्या स्तरावरचे आहे? रक्तपुरवठा कोठून येणार? सांगाडा विरण्याचा वेग ऊती घडण्याच्या वेगाशी जुळतो काय? यांची उत्तरे नसतील, तर तो सांगाडा उपयुक्त असू शकेल. जैवानुकारी मात्र म्हणता येणार नाही.