चिऱ्याचे घर आणि चिऱ्याचा मुखवटा

कादंबरीवर लिहिणारे पुष्कळ असतात. घरावर लिहिणारे फारसे कोणी भेटत नाही. वास्तविक घर हेही कोणीतरी रचलेलेच असते. त्यालाही आरंभ असतो, मध्य असतो आणि मागील दार असते. आतल्या पात्रांचे हाल होत आहेत, हे घरमालकाला कादंबरीकाराहूनही उशिरा उमगते, एवढाच काय तो फरक. दापोलीकडचे आमचे सासरचे घर उतरवून नवे बांधावे की काय, असा प्रश्न निघाल्यापासून गेले वर्षभर मी रत्नागिरी जिल्ह्यातली घरे वाचत हिंडते आहे. स्थापत्यशास्त्र मी शिकलेली नाही. मुलांचे निबंध तपासण्याची सवय मात्र जुनी आहे. उतरवून काढलेले कुठले आणि मनातून आलेले कुठले, तेवढे त्या सवयीने कळते.

सध्या आमच्याकडे ‘पर्यावरणपूरक’ या शब्दाला बरा भाव आला आहे. समुद्राकाठच्या रस्त्यांनी बंगले उठले आहेत, आणि बहुतेकांच्या पाटीवर किंवा निदान मालकाच्या तोंडी हा शब्द असतोच. अशाच एका बंगल्यात गेल्या एप्रिलात चहाला जाण्याचा योग आला. बाहेरून पाहावे तर तांबडा जांभा, वर कौले, दाराशी तुळस. मन प्रसन्न झाले. जवळ गेल्यावर मात्र दिसले, की सांगाडा सगळा काँक्रीटचा आहे आणि जांभ्याचे दोन बोटे जाडीचे काप त्यावर चिकटवले आहेत. कौले सपाट स्लॅबवर शोभेसाठी मांडलेली. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, म्हणजे सूर्यास्त दिवाणखान्यात बसून पाहता यावा. दुपारी तीनला त्या काचेतून जे ऊन आत येत होते, त्यापायी जाड पडदे ओढून, दिवे लावून, थंड हवेचे यंत्र चालवून आम्ही चहा घेतला. समुद्रासाठी मोजलेले पैसे आणि समुद्रावर ओढलेला पडदा! यजमान सज्जन होते. छपरावरच्या सौर तावदानांकडे बोट दाखवून म्हणाले, “यंत्राची वीज आम्ही सूर्याकडूनच घेतो.” २०२४ पासून केंद्र सरकार या तावदानांना ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान देते, आणि ती बसवणे चांगलेच. पण सूर्याला आधी काचेतून घरात घ्यायचे आणि मग त्याच्याच विजेने बाहेर हाकलायचे, ही रचना निबंधात आली असती तर मी समासात लाल रेघ ओढली असती.

आता आमचे जुने घर. खळ्यातून जोत्याच्या पायऱ्या चढल्या की पडवी, मग ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि पुन्हा मागली पडवी. भिंती हातभर जाड. या किनाऱ्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. भिंतीने तो अंगावर घ्यायचा नाही, म्हणून छपराची पाखी इतकी खाली ओढलेली की उंच माणसाने वाकूनच आत यावे. तीच पाखी एप्रिलात भिंतीवर ऊन पडू देत नाही. तापलेली हवा वर चढते आणि कौलांच्या फटींतून निघून जाते. कौलांची उष्णता खाली येऊ पाहते, तिला मातीने लिंपलेला माळा अडवतो. पुढचे दार आणि मागचे दार एका रेषेत, त्यामुळे दुपारचा खारा वारा घरातून सरळ चालत जातो. स्लॅबचे तसे नाही. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री, माणसे निजली की, ते त्यांच्या अंगावर सोडतो.

पावसापुढे सत्ताधीशांनाही वाकावे लागले, याची साक्ष रत्नागिरीतच उभी आहे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले, १८८६ साली इथे आणून ठेवले, आणि खाडीवरच्या टेकाडावर त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात तो १९१० साली राहायला गेला. पुढे सहा वर्षांनी तिथेच वारला. वाडा भव्य खरा, पण मला तो एकाकी वाटतो. इतक्या दालनांना पुरतील एवढी माणसे त्या कैदेत नव्हती. तरी बांधकाम पाहावे: इथलाच तांबडा जांभा, उतरते छप्पर, वाऱ्यासाठी मोठाल्या खिडक्या. राज्य साहेबाचे होते. छप्पर कसे असावे, हे मात्र आषाढाने ठरवले.

पण म्हणून जुने ते सोने म्हणायला मी तयार नाही. ज्या मंगळुरी कौलांना आपण पूर्वजांची ठेव मानतो, ती बासेल मिशनच्या जर्मन मंडळींनी १८६५ साली मंगळुरात काढलेल्या कारखान्यापासून पसरली. त्याआधी नळीची कौले होती, नाहीतर गवत. म्हणजे पूर्वजांनी नवे घेतले, पारखून घेतले. आणि जुन्या घराची स्तुती करणारे बहुधा मे महिन्यात आंबे खायला आलेले पुरुष असतात. माजघरात भर दुपारी दिवा लागे, चुलीचा धूर डोळ्यांत जाई, दर आठवड्याला शेणाने जमीन सारवावी लागे, आणि पावसाळ्यापूर्वी कौले शाकारायला माणसांच्या पाया पडावे लागे. मुंबईचे भाऊजी एकदा सारवलेल्या जमिनीच्या गारव्याविषयी फार बोलू लागले, तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “जमीन गार असते रे, सारवणारीचे गुडघे मात्र पेटलेले असतात.”

मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि शेजारच्या दापोली-मंडणगडालाही त्याने झोडपले. आमचे अर्धे छप्पर गेले. कौले पोफळींत जाऊन पडली. त्या रात्री आम्ही सगळी शेजाऱ्यांच्या स्लॅबखाली बसलो होतो, हे मी विसरणार नाही. त्यानंतर गावात ज्याला त्याला स्लॅब हवा झाला. त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही.

भाऊजींचेही मत स्लॅबचेच पडले. सिमेंट करताना निघणारा कर्बवायू जगाच्या एकूण उत्सर्जनाच्या ७ ते ८ टक्के भरतो, असे मी म्हटले. ते म्हणाले, “वहिनी, जगाचे नंतर पाहू, आईच्या डोक्यावर आधी छप्पर घालू.” मी निरुत्तर झाले.

उत्तर मिळाले ते गवंड्याकडून. पडकी भिंत उतरवताना त्याने एकेक चिरा अलगद सोडवून खळ्यात रचला. भिंत मातीत बांधलेली. त्यामुळे शंभरात पाचदहाच फुटले. आजेसासऱ्यांच्या वेळचा चिरा, पण धार अजून शाबूत. जांभा खाणीत मऊ असतो आणि हवेत राहून कडक होतो, हे पुस्तकात वाचले होते. हाताला त्या दिवशी कळले. शेजारचा सिमेंटातला गडगा पाडला, तेव्हा त्याचा निव्वळ चुरा झाला. त्या काचेच्या बंगल्याविषयी माझा खरा आक्षेप हाच आहे. तो उद्या नको झाला, तर नातवांच्या हाती राडारोड्यापलीकडे काही पडणार नाही.

लॉरी बेकर नावाच्या इंग्रज वास्तुशिल्पीला गांधीजींनी मुंबईत सांगितले होते, की घराचे सामान पाच मैलांच्या आतले असावे. बेकरांनी पुढे केरळात आयुष्यभर ते जपले. आमच्या पाच मैलांत चिऱ्याच्या खाणी आहेत, पण चिराही निर्दोष नाही. त्यासाठी सडेच्या सडे यंत्राने कापले जातात. आणि अशाच सड्यांवर ती कातळशिल्पे आहेत, जी २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तेव्हा पाच मैलांचाही मोह नको. पाच पावलांवर, खळ्यात रचलेला चिरा आधी संपवावा.

भाऊजींनी हे ऐकून घेतले आणि एक अट घातली, जी मला मान्य आहे. भिंतींच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा ओतून वासे त्याला जखडायचे, कौले तारेने रिपांना बांधायची, आणि देवघराशेजारची एक खोली स्लॅबची करायची. पुन्हा वादळ आले तर तिथे बसायला. बाकी चिरे चुन्यात. माजघरावर चार काचेची कौले. जमीन लादीची, पडवी पश्चिमेलाच.

सासूबाईंना नकाशा दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, “पागोळ्यांचे पाणी विहिरीकडे वळवलेयस ना गो?” ते नकाशात नव्हते. गवंडी परवा येणार आहे. त्याच्याकडून पन्हळ काढून घ्यायची आहे.